आमरसाच्या डब्यातला जाळ

कोकणातून येणारा आमरसाचा ८५० ग्रॅमचा डबा चूल करायला फार चांगला. पत्रा लोखंडी, वर कथिलाचा पातळ मुलामा, उंची वितीपेक्षा कमी आणि तोंड एवढंच रुंद की हात आत घालून कानस फिरवता येते. त्याच्या बाहेर घालायला दूध पावडरीचा मोठा डबा शोधायचा. दोन्हींच्या मध्ये सगळीकडून बोटभर जागा राहिली की जोडी जमली म्हणायचं. उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी आमरस काढला की माझी नजर रसाकडे कमी आणि डब्याकडे जास्त असते, हे आता घरात सगळ्यांना माहीत आहे. भंगारवाल्याच्या पोत्यात जाण्याआधी माझ्या हाताखालून गेल्याशिवाय या घरातून एकही डबा बाहेर पडत नाही.

हे वेड डोंगरामुळे लागलं. नाशिकला राहायचं आणि डोंगरात जायचं नाही, हे तसं अवघडच. ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर, पुढे बागलाणातला साल्हेर, पलीकडे रतनगड. आमचा बायकांचा एक गट आहे. सगळ्या पन्नाशीच्या आसपासच्या, गुडघ्यांना जपत चढणाऱ्या, पण वर गेल्यावर चहा हवाच असणाऱ्या. थर्मासमधला चहा चहा नसतो, यावर आमचं एकमत आहे. मग डोंगरात जाळ कशाचा करायचा, हा प्रश्न आला.

पूर्वी तो नव्हता. कॉलेजच्या दिवसांत पाठपिशवीत पितळी प्राइमस आणि बाटलीभर रॉकेल असायचं. स्वीडनमध्ये १८९२ साली फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी वातीशिवाय जळणारा तो स्टोव्ह बनवला आणि तो आपल्याकडे इतका रुजला, की आमच्या पिढीला तो परदेशी आहे असं कधी वाटलंच नाही. टाकीत पंप मारायचा, वाटीत स्पिरिट ओतून बर्नर तापवायचा, नळीतून जाताना रॉकेलची वाफ व्हायची आणि निळा जाळ भरभरायला लागायचा. पिन मारणं ही तर एक विद्याच होती. आता रेशनचं रॉकेल गेलं, त्याच्याबरोबर पिनाही गेल्या आणि वायसर बदलून देणारी दुकानंही. गॅसच्या छोट्या डब्या मिळतात, पण त्या महाग पडतात, आणि रिकाम्या झाल्यावर त्यांचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसतं. गडांवरच्या पाण्याच्या टाक्यांत तरंगताना मी त्या पाहिल्या आहेत. त्यावर आणखी काही बोलत नाही, नाहीतर लेख तिकडेच जाईल.

पहिल्यांदा मी स्पिरिटची चूल केली. थंड पेयाचे ॲल्युमिनियमचे दोन डबे घ्यायचे, दोन्हींची बुडं दोन-अडीच बोटं उंचीवर कापायची, एक दुसऱ्यात दाबून बसवायचं आणि वरच्या कडेला गोलाकार बारीक भोकं पाडायची. टाचणी पुरते. आत स्पिरिट ओतून पेटवलं की आधी मधल्या खळग्यात जाळ होतो. मग पत्रा तापून आतल्या स्पिरिटची वाफ व्हायला लागते आणि भोकाभोकांतून छोट्या ज्योती निघतात. प्राइमसमध्ये पंप करायचा ते काम इथे उष्णताच करते. इथेनॉल ७८ अंशांनाच उकळतं, म्हणून हे जमतं. सगळ्या यंत्राचं वजन एखाद्या पोस्टाच्या पाकिटाएवढं. वाऱ्याला नीट आडोसा असेल तर अर्धा लिटर पाण्याला ३० ते ३५ मिलिलिटर स्पिरिट लागतं. लाकडाला पॉलिश करणारे जे स्पिरिट वापरतात तेच, रंगाच्या दुकानात मिळतं.

पण ही चूल मला फारशी आवडली नाही. दिवसाउजेडी स्पिरिटचा जाळ दिसतच नाही. विझली असं समजून कुणी वरून बाटलीनं स्पिरिट ओतलं तर ज्योत धारेवरून थेट हातातल्या बाटलीत चढते. म्हणून चूल पूर्ण गार झाल्याशिवाय पुन्हा भरायची नाही, हा नियम मी गटात अक्षरशः दटावून पाळायला लावते. शिवाय इंधन पाठीवर वाहून न्यावं लागतं ते लागतंच. आणि खरं सांगायचं तर तिच्यात करमणूक नाही. पेटवली, पाणी उकळलं, संपलं.

लाकडाच्या चुलीचं तसं नाही. तिथे डोकं लागतं.

आपण चूल म्हणतो तेव्हा तीन दगड, खाली सरपण आणि डोळ्यांत धूर असं चित्र असतं. त्या धुराबद्दल मी आयुष्यभर चुकीचं समजत आले होते, आणि बहुतेक जण तसंच समजतात. धूर म्हणजे जळून गेलेल्या लाकडाचा कचरा, असं वाटतं. उलट आहे. लाकूड तापलं की त्याच्या वजनाचा बराच मोठा भाग, सुक्या लाकडात ७० ते ८० टक्के, वायू आणि वाफांच्या रूपात बाहेर पडतो. मागे उरतो तो कोळसा. हे वायू पेटले तर ज्योत, न पेटता निसटले तर धूर. म्हणजे डोळ्यांत जातं ते न जळलेलं सरपणच. बाई फुंकणीनं फुंकते तेव्हा ती जाळाला नव्हे, या निसटणाऱ्या वायूंना हवा पुरवत असते. डबा-चुलीची सगळी युक्ती एवढीच आहे की ती फुंकणी डब्यातच बसवायची.

कशी, ते सांगते. आमरसाच्या डब्याच्या बुडाला भरपूर भोकं पाडायची, ही खालची हवा. त्याच डब्याच्या वरच्या काठाखाली, बोटभर अंतरावर, भोकांची एक ओळ गोल फिरवायची, ही वरची हवा. बाहेरच्या मोठ्या डब्याला फक्त खालच्या अंगाला मोठी भोकं. मग आतला डबा बाहेरच्यात असा लटकवायचा की त्याचं बूड खाली टेकणार नाही आणि वरच्या काठाशी दोन्ही डब्यांमधली फट पूर्ण बंद होईल. मोठ्या डब्याच्या झाकणात नेमकं आमरसाच्या डब्याएवढं भोक कापलं की ते काम झाकणच करतं. आता हवा बाहेरच्या डब्याच्या खालून आत येते. थोडी बुडाच्या भोकांतून सरपणात शिरते, बाकीची दोन डब्यांच्या मधून तापत तापत वर चढते आणि वरच्या ओळीतून आत घुसते. नेमकी तिथे, जिथे सरपणातून निघालेले वायू पळायच्या बेतात असतात.

भोकं पाडायला ड्रिल असेल तर उत्तमच, नसेल तर खिळा आणि हातोडी. डबा चेपू नये म्हणून आत बरोबर बसणारा लाकडाचा ओंडका घालायचा आणि त्यावर ठोकायचं. कापलेल्या पत्र्याची धार कानसेनं मारल्याशिवाय पुढे जायचं नाही. आमरसाचे डबे फोडताना ज्यांचा अंगठा कापला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पातेलं टेकवायला वर काहीतरी हवं, नाहीतर पातेल्याच्या बुडानं वरचं तोंडच बंद होतं. मी सायकलचे जुने आरे वाकवून तीन पायांची तिवई केली आहे. सायकलवाल्यानं ते फुकट दिले, वर विचारलं, “ताई, सायकल कुठाय?”

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण उत्साहात लोक हाती लागेल तो पत्रा घेतात. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, म्हणजे बादल्या, छपराचे तुकडे, जुन्या नळ्या, यांना चुलीत जागा नाही. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि ते जळून निघणारा पांढरा धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगवाल्यांना हा ताप चांगला ओळखीचा आहे. रंगाचे डबेही नकोत. आणि खाण्याच्या डब्यालाही पहिला जाळ उघड्यावर, रिकामाच द्यायचा, म्हणजे आतलं अस्तर, लेबलाचा डिंक, छापील शाई, जे काय जायचं ते जातं.

पेटवायची पद्धतही उलटी. आतल्या डब्यात बोटाएवढ्या काड्या उभ्या, दाटीवाटीनं भरायच्या, पण वरच्या भोकांच्या ओळीच्या खालपर्यंतच. आणि जाळ वरून लावायचा. वर कापराची वडी ठेवायची आणि तिच्यावर चार बारीक काटक्या. देवघरातला कापूर यासारखा जळण पेटवणारा दुसरा पदार्थ नाही. ओल्या हवेतही एका काडीत पेटतो. मिनिट-दोन मिनिटं साधाच जाळ दिसतो. मग वरचा थर लाल होतो, त्याखालचं लाकूड तापून वायू सोडायला लागतं, ते वायू वर चढतात, वरच्या भोकांतल्या गरम हवेला भेटतात आणि भोकाभोकापाशी पेटतात. काठाभोवती आतल्या बाजूला वळलेल्या ज्योतींची माळ दिसते, घरच्या गॅसच्या बर्नरसारखी. धूर जवळजवळ नाहीसा होतो. आग काड्यांतून हळूहळू खाली उतरत जाते आणि ज्योत वरच नाचत राहते.

मी ही चूल पहिल्यांदा गॅलरीत पेटवली तेव्हा सासूबाई आत भाजी निवडत बसल्या होत्या. धूर नाही म्हणून त्यांना कळलंच नाही. कळलं ते कापराच्या वासामुळे. आरती नसताना कापूर कशाचा, म्हणून बघायला आल्या. डब्याकडे वाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, ही तर आमची भुशाची शेगडी. भुसा तेवढा दिसत नाही.”

“भुशाची कसली शेगडी, आई? मी कधी पाहिली नाही.”

“पाहणार कुठून? तुमच्याकडे गॅस होता.”

त्यांचं माहेर धुळ्याचं. घराला लागून लाकडाची वखार होती आणि तिथे करवतीखाली पडणारा भुसा पोत्यानं मिळायचा. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा घ्यायचा. वरचं तोंड कापून काढायचं आणि खाली एका बाजूला, तळाशी, मनगट जाईल एवढं भोक पाडायचं. भोकातून लाटणं आडवं आत सरकवायचं. डब्याच्या मधोमध, लाटण्याच्या टोकाला टेकवून, सरबताची रिकामी बाटली उभी धरायची. मग भोवती भुसा घालत जायचा आणि बत्त्यानं ठोकत जायचं. सासूबाई लहान असताना बाटली धरण्याचं काम त्यांचं, ठोकण्याचं त्यांच्या भावाचं. डबा काठोकाठ भरला की बाटली गोल फिरवत वर ओढून काढायची, लाटणंही तसंच फिरवत बाहेर. आत उरतं एक आडवं बीळ आणि त्याला जोडलेलं एक उभं धुराडं, दोन्ही ठोकलेल्या भुशाचं. खालच्या भोकातून पेटती चिंधी आत सारायची. सकाळी पेटवलेली शेगडी दुपारपर्यंत चालायची. वरण, भात, भाकरी, शेवटी आंघोळीचं पाणी. मध्ये सरपण घालायचं नाही, फुंकायचं नाही. “फक्त कुणी डब्याला धक्का मारायचा नाही. भुसा ढासळला की संपलं. मग आजीचा मार.”

त्यांनी हे सांगितलं आणि मी आतून वही आणली, कारण मला ते कागदावर काढल्याशिवाय राहवेना. आडवी वाट, तिला काटकोनात उभी वाट, खालून हवा, वर जाळ. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये लॅरी विनियार्स्की यांनी १९८२ च्या सुमारास ज्या चुलीची तत्त्वं मांडली आणि जी आज जगभर ‘रॉकेट स्टोव्ह’ म्हणून ओळखली जाते, तिचा आराखडा असाच असतो. आडव्या नळीतून सरपण आणि हवा, मग काटकोनात वळून उभी नळी, तिच्या भोवती उष्णता अडवून धरणारं काहीतरी. भुशाच्या शेगडीत ते अडवून धरणारं काहीतरी म्हणजे खुद्द भुसाच. तो उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही, म्हणून मधली पोकळी धगधगत असतानाही बाहेरचा पत्रा त्या मानानं निवांत असतो. भिंतच इंधन आणि भिंतच अस्तर. पोकळीच्या कडेचा भुसा तापून वायू सोडतो, ते त्याच पोकळीत पेटतात आणि जळत जाईल तशी पोकळी रुंदावते. याहून सोपं काही मला तरी सुचत नाही.

माझी दोन डब्यांची चूल दुसऱ्या घराण्यातली. वरून पेटवायची आणि वायू वेगळे जाळायचे ही कल्पना अमेरिकेतले टॉम रीड यांना १९८५ मध्ये सुचली, आणि नॉर्वेचे पॉल वेंडेलबो आफ्रिकेत काम करताना स्वतंत्रपणे तिथेच पोचले. पण दोन्ही घराणी तेच सांगतात. जाळ चांगला होतो तो लाकडामुळे कमी आणि हवेच्या वाटेमुळे जास्त. हवा कुठून शिरेल, कुठे तापेल, कुठे वायूंना गाठेल. चूल बनवणं म्हणजे पोकळ जागा बनवणं. पत्रा फक्त तिची हद्द ठरवतो.

आपल्याकडे यावर विचार झाला नाही असं अजिबात नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कामातून ‘मगन चूल’ निघाली. केंद्र सरकारनं १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तो २००२ पर्यंत चालला आणि देशभर काही कोटी निर्धूर चुली बसवल्या गेल्या. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापलेल्या ‘आरती’ या संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करायची पद्धत काढली, तिला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. वाळलेलं पाचट शेतकरी शेतातच पेटवून देतात. ते बंद भांड्यात तापवून कोळसा करायचा आणि त्याच्या कांड्या वळायच्या, असं ते काम. यातल्या सरकारी चुलींचं काय झालं हे खेड्यात फिरलेल्या कुणालाही विचारा. धुराडं तुंबलं, साफ कोण करणार, बाईला मोठ्या पातेल्याचं तोंड पुरेना, मग एक दिवस तिनं पुढचा भाग फोडून हवा तेवढा मोठा केला. मला यात बाईची चूक वाटत नाही. ती चूल तिच्यासाठी होती, तिच्याशी बोलून केलेली नव्हती. भुशाच्या शेगडीला कुठलाच कार्यक्रम नव्हता. वखार होती, तेलाचे डबे होते आणि एका घरातून दुसऱ्या घरात जाणारी मुलगी होती.

असो. डोंगरात ही चूल कुठे पेटवायची, हा वेगळा आणि जास्त गंभीर मुद्दा आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव जंगलात जाळ करणं गुन्हा आहे, आणि रतनगड, हरिश्चंद्रगडाचा टापू तर अभयारण्यात येतो. कायदा बाजूला ठेवा. जानेवारीपासून सह्याद्रीतलं गवत वाळून कडकडीत होतं आणि उतारावर एक ठिणगी पुरते. वणवा वर चढताना पाहिला की त्याचा वेग लक्षात राहतो. म्हणून आमचा चहा पायथ्याच्या गावात होतो, कुणाच्या तरी अंगणात, विचारून, सारवलेल्या जमिनीवर. वर गेल्यावर भाकरी, चटणी आणि कांदा.

त्या अंगणांत चुलीपेक्षा जास्त शिकायला मिळतं. बागलाणातल्या एका मावशींनी माझं पातेलं हातात घेतलं, उलटं केलं, अंगणातली माती पाण्यात कालवून बुडाला सारवली आणि परत दिलं. काजळी मातीवर धरते, घासताना मातीबरोबर निघून जाते. “एवढं शिकलात ताई, आन् हे ठाऊक न्हाई?” मग डबा निरखून म्हणाल्या, “ब्येस हाय. पर यावर भाकर कशी थापायची?” बरोबर होतं. डबा-चुलीवर चहा होतो, खिचडी होते, पिठलं होतं. भाकरी भाजायला निखाऱ्यांचा पसरट शेक लागतो, तो हिच्याकडे नाही.

खिचडीसुद्धा मुगाच्याच डाळीची. साल्हेर १५६७ मीटर उंच, त्याच्या माथ्यावर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे प्रेशर कुकर नसेल तर तूरडाळ शिजता शिजत नाही. पायथ्याला फरक कमी, पण आमरसाच्या डब्यात एका भरीला मावणाऱ्या काड्या पंधरा-वीस मिनिटंच जळतात, आणि तूर तेवढ्यात शिजत नाही. काड्यांमध्ये निवड करायची असेल तर मी खानदेशातल्या पराट्या घेईन, कापूस वेचल्यावर शेतात उभ्या राहणाऱ्या. वजनानं हलक्या, सरळ, चटकन पेटणाऱ्या. कारवीच्या वाळक्या काठ्याही उत्तम. कारवी सात वर्षांनी एकदा फुलून मरते, त्यानंतरच्या वर्षी डोंगरभर तिच्या सुक्या काठ्या उभ्या असतात. पण त्या पायथ्याच्या लोकांच्या कुडांना लागतात, आपण चहासाठी हात लावू नये.

वायू संपले की ज्योत एकदम खाली बसते आणि आत लाल कोळसा उरतो. तो तसाच जळू दिला तर बराच वेळ धग देतो, पण ज्योत नसलेल्या या धगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, ज्याला ना वास ना रंग. म्हणून तंबूत, बंद खोलीत, पावसात गुहेच्या आतल्या कोपऱ्यात ही चूल नेणं म्हणजे जिवाशी खेळ. स्पिरिटच्या चुलीलाही हेच लागू. मी कोळसा पाण्यानं विझवते, वाळवते आणि घरी कुंड्यांत चुरून घालते.

डबा किती टिकतो? कथिल पहिल्याच जाळात वितळून जातं, ते २३२ अंशांनाच वितळतं, आणि मग उघडं लोखंड गंजायला लागतं. एका पावसाळ्यात आतल्या डब्याच्या बुडाची चाळण होते. बाहेरचा डबा मात्र टिकतो. आतला बदलायचा. आमरस दरवर्षी येतोच.

सासूबाईंचं मन मात्र माझ्या चुलीवर बसत नाही. त्यांना गच्चीवर एकदा भुशाची शेगडी लावायची आहे, वांगी भाजायला. तेलाचा डबा कोपऱ्यावरच्या वडेवाल्यानं दिला, बाटली आहे, लाटणं द्यायला त्या नाही म्हणाल्या पण जुना नळाचा तुकडा सापडला. अडलंय ते भुशावर. जवळपासच्या सगळ्या सुतारांकडे आता प्लायवुड आणि एमडीएफचं काम. त्यांच्या करवतीखाली जो भुसा पडतो त्यात लाकडाबरोबर डिंकही असतो, आणि तो जाळला तर वांग्याला काय वास येईल ते सोडा, आपल्या नाकातोंडात फॉर्मल्डिहाइडसारखा विषारी वायू जाईल. चौकशी करत करत शेवटी एका जुन्या वखारीचा पत्ता लागला, तिथे अजून बाभूळ आणि सागाचे ओंडके कापतात. फोन केला तर पलीकडचे काका आधी हसले. मग म्हणाले, “शनिवारी दुपारी या. पोतं तुमचं तुम्ही आणा, आणि आजींनाही घेऊन या. भुसा बारीक लागतो की जाडा, ते त्यांनाच विचारतो.”